रेंजफाइंडर असलेली दुर्बीण: शिकाऱ्याने कधी घ्यावी, कधी टाळावी आणि घेतल्यावर काय करावं

अमेरिकेच्या कोलोराडो, वायोमिंग, आयडाहो या भागातल्या शिकारीत बंदुकीपेक्षा दुर्बीण जास्त वेळ हातात असते. अंधारातच एखाद्या डोंगराच्या सोंडेवर चढायचं, पाठ खडकाला टेकवायची आणि समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळत राहायचं. तिकडचे लोक याला ‘ग्लासिंग’ म्हणतात. म्यूल डिअर जातीच्या हरणाचं कान हलवणं किंवा सेजच्या झुडपात चुकून चमकलेलं शिंगाचं टोक, एवढ्यावर सगळा दिवस ठरतो. हे काम करणाऱ्या दुर्बिणीतच अंतर मोजणारा लेसर (रेंजफाइंडर) बसवलेला असेल, तर त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावेत का?

दुकानदार उत्तर देताना गोळी किती लांब जाते ते सांगतो. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. तुमची दुर्बीण दिवसातून किती वेळ डोळ्याला असते, हे आधी बघा. दिवसभर असेल तर हे यंत्र खरोखर उपयोगी आहे. दिवसातून पाच-दहा मिनिटं असेल, तर तेच पैसे चांगल्या काचांवर आणि एका साध्या हातातल्या रेंजफाइंडरवर खर्च करा.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा हा लेख अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरता आहे. तिथे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. राज्याने दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक अपवाद. बंदुकीला हात लावण्याआधी ते लायसन्स खिशात हवं, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, बंदूकवाल्या मित्राला नको. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. दुर्बीण मात्र कोणीही विकत घेऊ शकतो, म्हणून बहुतेकांची खरेदी तिथूनच सुरू होते आणि बजेटही तिथेच कोलमडतं.

पायरी १: आपली शिकार कुठली, ते आधी ठरवा

विस्कॉन्सिन किंवा मिशिगनच्या दाट जंगलात झाडावरच्या मचाणात बसून व्हाइटटेल हरीण मारणार असाल, तर बहुतेक वेळा १०० यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. मचाणात बसल्या बसल्या आसपासच्या चार झाडांची अंतरं एकदा मोजली की काम संपलं. त्यासाठी दीडशे-दोनशे डॉलरचा, एका हातात मावणारा रेंजफाइंडर पुरेसा आहे. ‘आमच्या यंत्रात कोनाचा हिशेब आहे’ या जाहिरातीलाही तिथे फारसा अर्थ नाही. २० फूट उंचीच्या मचाणातून २० यार्डांवरच्या हरणाचं तिरकं अंतर भरतं सुमारे २१ यार्ड. एका यार्डाने बाणाचं काही बिघडत नाही.

वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्नमागे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे झाड नाही, घर नाही, डोळ्याला मापाचा आधार नाही. प्राँगहॉर्न हा प्राणीही अंगाने लहान, त्यामुळे अंदाज बांधणारा हमखास फसतो. कोलोराडोत घळीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर बघतानाही तेच होतं, कारण मधली जमीन खोल गेलेली असते आणि पलीकडचा काठ आहे त्याहून जवळ वाटतो. अशा जागी मोजल्याशिवाय नेम धरणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

धनुष्यबाणवाल्यांचं प्रकरण मधलं आहे. वेगाचे आकडे जाहिरातीत कितीही मोठे असोत, बाण गोळीच्या मानाने हळूच जातो. ४० यार्डांवर अंदाज ५ यार्डांनी चुकला तर बाण चार-पाच इंच वर किंवा खाली लागतो. म्हणजे अंतराची गरज त्यालाच सर्वांत जास्त. पण त्याचा एक हात धनुष्यात अडकलेला असतो आणि जवळपास किलोभर वजनाची दुर्बीण दुसऱ्या एका हाताने स्थिर राहत नाही. डोंगरात एल्क या मोठ्या हरणामागे फिरणारे काही धनुर्धारी तरीही रेंजफाइंडरवाली दुर्बीणच वापरतात, कारण ती छातीवरच्या हार्नेसमध्ये तयार असते आणि वेगळं यंत्र काढायची हालचाल वाचते. दुकानात जाल तेव्हा धनुष्य डाव्या हातात धरून, उजव्या हाताने दुर्बीण उचलून बघा. तिथेच कळेल.

पायरी २: अंतर चुकलं तर किती बिघडतं, हे कागदावर मांडा

.३०८ विंचेस्टर रायफल, १६८ ग्रेन वजनाची गोळी, २०० यार्डांवर झिरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवलेली), असं धरा. ३०० यार्डांवर गोळी नेमाच्या रेषेखाली आठ-नऊ इंच जाते, ४०० वर सुमारे दोन फूट आणि ४५० वर तीन फुटांच्या जवळ. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग आठ ते दहा इंचांचा. मध्यावर नेम धरला तर वर-खाली चारेक इंचांची मुभा.

आता बघा. २०० ऐवजी अंतर २५० निघालं, तर फरक चारेक इंचांचा. गोळी तरीही त्या भागाच्या कडेला लागेल. ४०० समजून झाडलेली गोळी प्रत्यक्षात ४५० वर निघाली, तर ती जवळपास फूटभर खाली जाईल. एक तर पाय मोडेल किंवा खालून माती उडेल. पाय मोडलेलं हरीण डोंगराआड जातं आणि सापडत नाही. रेंजफाइंडरची गरज २५० यार्डांनंतर का सुरू होते, ते या आकड्यांत आहे. त्याच्या आत साध्या डोळ्यांनी आणि बरोबर झिरो केलेल्या रायफलने भागतं.

स्वतःच्या काडतुसाचा असा तक्ता छापून रायफलच्या दस्त्यावर चिकटवा. कितीही महागडं यंत्र घेतलंत तरी हे करा, कारण बॅटरी संपल्यावर तोच तक्ता कामाला येतो.

पायरी ३: यंत्र नेमकं काय मोजतं, ते समजून घ्या

बटण दाबलं की डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेसरचा झोत जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. १,००० यार्डांच्या जाण्यायेण्याला सुमारे सहा मायक्रोसेकंद लागतात. दुर्बिणीत ही सोय पहिल्यांदा लायकाने १९९२ साली ‘जिओव्हिड’मध्ये दिली; आज स्वारोव्हस्की, झाइस, व्होर्टेक्स, सिग सावर अशा सगळ्यांकडे ती आहे.

दोन गोष्टी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत दडलेल्या असतात. पहिली, जाहिरातीतला मोठा आकडा चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या पाटीसाठी असतो. व्होर्टेक्सच्या ‘फ्यूरी एचडी ५०००’ चं नाव ५,००० यार्डांवरून आहे, पण हरणासाठी कंपनी स्वतः १,६०० सांगते. ओली, काळपट कातडी लेसर गिळते. लख्ख दुपारचं ऊनही टप्पा कमी करतं. शिकारीसाठी १,६०० सुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, तेव्हा ५,००० आणि १०,००० च्या स्पर्धेत पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेसरचा झोत टोकदार नसतो, तो पसरत जातो. एक मिलिरेडियन (हजार यार्डांवर एक यार्ड) पसरणारा झोत ६०० यार्डांवर पावणेदोन फुटांहून रुंद झालेला असतो, म्हणजे हरणाच्या छातीपेक्षा मोठा. त्यामुळे पुढचं गवत किंवा मागची कडा मोजली जाऊ शकते आणि पडद्यावर आकडा मात्र तितक्याच ठामपणे झळकतो. म्हणूनच यंत्रात ‘सर्वांत जवळचं’ किंवा ‘सर्वांत लांबचं’ लक्ष्य निवडायची सोय असते. झुडपांतून, पावसात किंवा बर्फ पडत असताना लांबचं निवडा. हरीण टेकाडाच्या माथ्यावर उभं असेल तर जवळचं.

पायरी ४: खरेदी

दुकानात बहुतेक जण आधी बटण दाबून बघतात. तसं करू नका. आधी ती निव्वळ दुर्बीण म्हणून बघा, शक्य असेल तर संध्याकाळी दुकानाबाहेर जाऊन. बहुतेक राज्यांत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि सावज नेमकं त्या कडेच्या मिनिटांत बाहेर पडतं. १०x४२ मध्ये (१० पट मोठं चित्र, ४२ मिलिमीटरची पुढची काच) डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा गोल ४.२ मिलिमीटरचा, तर ८x४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटरचा. काठाकाठाने जंगल असेल तर ८x, मोकळा डोंगर असेल तर १०x. लेसर आणि आकड्यांचा पडदा बसवण्यासाठी एका नळीत जास्तीचे थर द्यावे लागतात, त्यामुळे काही मॉडेलांत त्या बाजूने चित्र किंचित रंगीत किंवा मंद दिसतं. एक-एक डोळा मिटून दोन्ही नळ्यांतून पांढरी भिंत बघा. फरक लगेच डोळ्यात भरला, तर दिवसभराच्या ग्लासिंगनंतर डोकं दुखणार हे नक्की.

किमतीचं म्हणाल तर मधल्या दर्जाची हजार-बाराशे डॉलरच्या आसपास येते आणि लायका, स्वारोव्हस्की, झाइस तीन हजारांच्या वर जातात. हजार डॉलरच्या अशा दुर्बिणीच्या काचा हजार डॉलरच्या साध्या दुर्बिणीपेक्षा हलक्या दर्जाच्या असणार, कारण निम्मे पैसे लेसरमध्ये गेलेले असतात. ही तडजोड मान्य असेल तरच घ्या.

वजनाचा फायदा विक्रेते फुगवून सांगतात. अशी १०x४२ साधारण ९०० ग्रॅम भरते. साधी दुर्बीण ७०० ते ८०० ग्रॅम, हातातला रेंजफाइंडर दोनशेच्या आसपास. म्हणजे वाचलेलं वजन जवळजवळ शून्य, वाचतो तो एक खिसा.

मग खरा फायदा कशात? हातातल्या रेंजफाइंडरची काच बहुधा ६x किंवा ७x ची, आणि नळी एकच. १०x मधून तासाभराने सापडलेला तपकिरी नर तपकिरी झुडपांत बसलेला असतो. दुर्बीण खाली ठेवून तुम्ही छोटं यंत्र डोळ्याला लावता आणि तो दिसतच नाही. तो की शेजारचा खडक, याचा भरवसा नसताना तुम्ही बटण दाबता. दुर्बिणीतच लेसर असेल, तर ज्याच्याकडे बघताय त्याचंच अंतर मिळतं, नजर न हटवता. सावज चरत चरत सरकत असेल तर पुन्हा पुन्हा मिळतं. पैसे मोजायला हे एकच कारण मला पटतं.

दोन तोटेही मोजून ठेवा. यंत्र दुरुस्तीला गेलं की दुर्बीणही जाते, आणि ऐन मोसमात काही आठवडे रिकामे हात. आणि दर काही वर्षांनी इलेक्ट्रॉनिक्स जुनं पडतं, उत्तम काचा मात्र वीस वर्षं टिकतात. एकटे फिरत नसाल तर दोघांत एक रेंजफाइंडरवाली दुर्बीण पुरते: रायफलमागचा स्कोपमधून (बंदुकीवरच्या नेमाच्या दुर्बिणीतून) बघतो, दुसरा अंतर सांगतो आणि वाऱ्यावर लक्ष ठेवतो.

बंदुकीवरच्या स्कोपमध्ये लेसर बसवलेला असेल तर तो आणखी सोपा नाही का, असं वाटेल. आयडाहोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत बंदुकीला किंवा स्कोपला असं इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडायला बंदी आहे. प्रकाशित रेटिकलला (स्कोपमधल्या नेमाच्या खुणेला) तेवढी सूट. दुर्बीण बंदुकीला जोडलेली नसते, म्हणून ती या नियमात अडकत नाही. दर वर्षी आपल्या राज्याचं नियमपुस्तक उघडून बघाच.

पायरी ५: घरी बसून जुळवणी

आधी एकक यार्ड आहे ना, ते बघा. ४०० मीटर म्हणजे ४३७ यार्ड, आणि वर मांडलेल्या हिशेबात ३७ यार्ड म्हणजे जखमी हरीण.

मग पडद्यावरचे आकडे स्पष्ट करा. ज्या नळीत आकडे दिसतात तिथलं डायऑप्टर (त्या एकाच डोळ्याचा फोकस जुळवणारं कडं) फिरवून आधी आकडे धारदार करा. मग त्याच डोळ्याने लांबची पाटी मधल्या चाकाने फोकस करा आणि शेवटी दुसऱ्या डोळ्याचं डायऑप्टर जुळवा. हा क्रम उलटा केला तर चित्र स्वच्छ आणि आकडे पुसट, अशी गंमत होते. आकड्यांची चमकही कमी करून ठेवा, नाहीतर तांबडे फुटताना लाल अंकच दिसतील आणि मागचा प्राणी दिसणार नाही.

आता ठरवा की पडद्यावर कुठला आकडा हवा: सरळ रेषेतलं अंतर, की कोनाचा हिशेब केलेलं. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्डांचं तिरकं अंतर नेमासाठी ३४६ धरायचं असतं. १५ अंशांवर ३८६. दस्त्यावरचा तक्ता वापरणार असाल तर कोन वजा केलेला आकडा घ्या. फोनवरचं बॅलिस्टिक ॲप (गोळीच्या मार्गाचं गणित करणारं) वापरणार असाल, तर त्याला सरळ अंतर आणि कोन वेगवेगळे द्या. वजा केलेला आकडा ॲपला दिला, तर ते पुन्हा वजाबाकी करतं.

दुर्बिणीतच बॅलिस्टिक गणित असेल, तर गोळीचा वेग, बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवेचा रोध किती भेदते तो आकडा), झिरोचं अंतर आणि बंदुकीच्या नळीपासून स्कोपची उंची भरावी लागते. काडतुसाच्या खोक्यावरचा वेग त्यांच्या चाचणीच्या नळीतला असतो, तुमच्या रायफलचा नव्हे. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. मित्राकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालेल.

पायरी ६: मैदानावर खातरजमा

कुठल्याही शाळेच्या अमेरिकन फुटबॉल मैदानावर एका गोल लाइनपासून दुसरीपर्यंत बरोबर १०० यार्ड असतात. रिकाम्या मैदानात एका रेषेवर उभे राहून दुसऱ्या रेषेवर ठेवलेली पिशवी मोजा.

पुढची चाचणी बहुतेक जण करत नाहीत आणि तीच सगळ्यात मोलाची आहे. मोकळ्या आभाळासमोर उभा असलेला एखादा विजेचा खांब शोधा. सतत मोजत राहायचा स्कॅन मोड लावा आणि पडद्यावरची खूण डावीकडून हळूहळू खांबावर आणा. आकडा कुठे उमटतो, ते बघा. मग उजवीकडून, मग आडव्या तारेसाठी वरून-खालून. खूण खांबाच्या बाहेर असतानाच आकडा आला, तर लेसर आणि खूण तेवढी सरकलेली आहे. किती आणि कुठल्या बाजूला, हे लक्षात ठेवा. फारच असेल तर परत करा. दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत हे उरका.

मग रायफल रेंजवर जा. २००, ३०० आणि जमलं तर ४०० वर आठ इंची कागदी ताट लावा. बाकावरून नव्हे, डोंगरात बसाल तसे बसून, काठीच्या किंवा पिशवीच्या आधाराने झाडा. ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या ताटात जात नाहीत, ती तुमची हद्द संपली. दुर्बीण ८०० चं गणित देत असली तरी. ४०० यार्डांवर ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ ची गोळी फूटभर ढकलतो, आणि वाऱ्याचा वेग मोजणारा लेसर तुमच्या दुर्बिणीत नाही.

ह्यूस्टनला समुद्रसपाटीवर झिरो करून कोलोराडोत ९,००० फुटांवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: विरळ हवेत गोळी कमी पडते. ३०० पर्यंत फरक नगण्य, ४०० वर दोनेक इंच. हवेचा दाब मोजणारी महाग मॉडेलं हे आपोआप धरतात. बाकीच्यांनी तिथे पोहोचल्यावर झिरो तपासून घ्यावा. विमानात बॅग आपटून स्कोप हललेला असू शकतो, त्यासाठीही हे करायचंच आहे.

पायरी ७: डोंगरावर

बसल्याबरोबर, काही दिसायच्या आधी, चार-पाच ठळक खुणा मोजा: जुनिपरचं एकटं झाड, पांढरा खडक, घळीचं तोंड. कागदावर लिहून ठेवा. मग जवळून सुरुवात करून उताराचे आडवे पट्टे पाडत लांब जा. तासाभराच्या वर बसणार असाल तर दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरलेली १०x बटण दाबताना हलतेच, आणि ५०० यार्डांवर ते हलणं म्हणजे हरणाऐवजी मागची दरड.

एकच आकडा आला म्हणून त्यावर विसंबू नका. तीनदा मोजा. दोनदा ३४० आणि एकदा ४१० आलं, तर ४१० ही मागची कडा आहे. तिन्ही वेगळे आले तर सावजाशेजारचा खडक किंवा त्याच्या पायाखालची उघडी जमीन मोजा.

लांबच्या सावजापर्यंत पोहोचण्याची आखणी हा या दुर्बिणीचा दुसरा मोठा उपयोग, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नर ९०० यार्डांवर बसलाय आणि त्याच्या अलीकडचं टेकाड ६५० वर आहे, म्हणजे टेकाडामागून गेलात तर नेम साधारण २५० वर पडेल. असं अंतर कमी करण्यासाठी ती वापरा. ९०० वरून गोळी झाडण्यासाठी नव्हे.

थंडीत बॅटरी बसते. बहुतेक दुर्बिणींत सीआर२ लागते. एक जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. धुक्यात लेसर धुक्यालाच मोजतो, तेव्हा दस्त्यावरचा तक्ता आणि २५० यार्डांची मर्यादा पाळा.

पायरी ८: गोळी झाडल्यानंतर

इथे घाई करतात आणि मारलेलं जनावर हरवतात. गोळी लागली असं वाटलं तरी जागेवरून हलू नका. सावज उभं होतं त्या जागेचं अंतर पुन्हा मोजा आणि होकायंत्रावर दिशा घ्या. काही दुर्बिणी फोनच्या नकाशावर त्या जागेची खूण टाकतात, तीही टाका. तुम्ही जिथे बसला होतात तिथल्या झुडपाला नारिंगी फीत बांधा. मग निघा.

घळ उतरून पलीकडे चढलात की सगळं वेगळं दिसतं. वरून एकटा वाटलेला जुनिपर आता दहा जुनिपरांतला एक असतो. तिथे उभे राहून मागे वळा आणि त्या नारिंगी फितीच्या झुडपाचं अंतर मोजा. निघताना ३४० होतं आणि आता २९० येत असेल, तर होकायंत्राच्या त्याच रेषेवर अजून ५० यार्ड पुढे जायचं आहे. ३४० आलं की थांबा, तिथे दुसरी फीत बांधा आणि तिच्याभोवती वाढत्या गोलांत रक्त, केस आणि उकरलेले खुरांचे ठसे शोधायला लागा.